गाऊटकरांनो, लंगडत का होईना, या धाग्यावर या

डावा अंगठा (धागाकर्ता)

आरोग्याच्या कुठल्याही धाग्यावर मधूनच कुणीतरी 'मलाही यूरिक अ‍ॅसिडचा त्रास आहे' असं लिहून जातं. खाली दोघेजण 'पालक बंद करा' म्हणून सांगतात आणि विषय तिथेच संपतो. म्हणून हा स्वतंत्र धागा. मी डॉक्टर नाही. बरीच वर्षं हे दुखणं अंगावर वागवतोय, त्यावर मिळेल ते वाचलंय आणि तज्ज्ञांना भरपूर प्रश्न विचारून पिडलंय, एवढंच माझं भांडवल.

ज्यांना अजून हा प्रसाद मिळालेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गाऊट म्हणजे यूरिक अ‍ॅसिड या शरीरातल्या टाकाऊ पदार्थामुळे होणारी सांधेदुखी. रक्तातलं यूरिक अ‍ॅसिड साधारण ६.८ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर गेलं की सगळंच्या सगळं विरघळून राहू शकत नाही. मग सांध्यांत त्याचे सुईच्या आकाराचे स्फटिक बसायला लागतात. बसताना काहीही कळत नाही, वर्षानुवर्षं गुपचूप साठत राहतात. कधीतरी शरीराच्या संरक्षक पेशींना त्यांचा पत्ता लागतो, त्या तुटून पडतात आणि जो काही धिंगाणा होतो त्याला आपण अटॅक म्हणतो. बहुतेकांचा श्रीगणेशा पायाच्या अंगठ्याच्या बुडाशी होतो. पाय धडापेक्षा गार असतो आणि गारव्यात यूरिक अ‍ॅसिड कमी विरघळतं, हे त्यामागचं एक कारण. रात्री अंग गार पडतं, पाणी पोटात गेलेलं नसतं, म्हणून मुहूर्तही बहुधा मध्यरात्रीनंतरचा.

दुखतं किती हे इथे येणाऱ्यांना सांगायला नको. अंगठा लालबुंद, कातडी ताणून चकचकीत, आणि चादरीची कड नुसती टेकली तरी कळ थेट मस्तकात. सतराव्या शतकातले इंग्लिश वैद्य थॉमस सिडनहॅम स्वतः गाऊटचे रुग्ण होते. अंगावरच्या पांघरुणाचा भारच काय, खोलीत कुणी चाललं तर त्याचा हादराही सोसत नाही, असं त्यांनी १६८३ साली लिहून ठेवलंय. साडेतीनशे वर्षं होत आली, वर्णनात काडीचा बदल करावा लागत नाही.

आता मूळ मुद्दा. काहीही उपचार केले नाहीत तरी अटॅक आठवड्या-दोन आठवड्यांत आपोआप ओसरतो, आणि सगळा घोळ इथेच होतो. माणूस पुन्हा बूट घालून चालायला लागतो, त्याला वाटतं सुटलो. स्फटिक मात्र जागच्या जागी असतात. पुढचा अटॅक वर्षाने येईल, मग सहा महिन्यांनी, मग घोटा, गुडघा, मनगट असा फिरायला लागेल. तोवर कानाच्या पाळीच्या कडेला किंवा कोपरावर पांढुरक्या गाठी, म्हणजे टोफाय, दिसायला लागतात आणि सांध्यातलं हाड आतून पोखरलं जातं. वेदनाशामक गोळी ठणका घालवते, स्फटिकांना ती हातही लावत नाही.

स्फटिक विरघळवायचे तर रक्तातला आकडा ६ च्या खाली आणून तो वर्षानुवर्षं तिथेच ठेवावा लागतो. गाठी असतील तर बरेच तज्ज्ञ ५ च्या खाली नेतात. माझ्या मते गाऊटमधली निम्मी लढाई हा एक आकडा लक्षात ठेवण्याची आहे. ज्याला स्वतःचा फोन नंबर पाठ आहे त्याला आपलं शेवटचं यूरिक अ‍ॅसिड पाठ असायला हरकत नाही.

आणि हे फक्त खाण्याने जमतं का? क्वचितच. शरीरातल्या यूरिक अ‍ॅसिडचा मोठा हिस्सा आपल्याच पेशींच्या मोडतोडीतून तयार होतो, ताटातून येतो तो छोटा. बहुतेक रुग्णांमध्ये दोष असतो तो मूत्रपिंडातून बाहेर टाकण्याचा, आणि तो बऱ्याच अंशी आनुवंशिक असतो. बाकीच्या बहुतेक सस्तन प्राण्यांकडे यूरिकेज नावाचं एन्झाइम असतं, ते यूरिक अ‍ॅसिडचे आणखी तुकडे करतं. माणसाच्या पूर्वजांनी ते लाखो वर्षांपूर्वी गमावलं. कडक पथ्याने आकडा साधारण १ ने उतरतो. ९ वाल्याचे ८ होतात, म्हणजे स्फटिक बनणं चालूच. उरलेलं काम बहुतेकांना आकडा उतरवणाऱ्या रोजच्या गोळीवरच सोपवावं लागतं.

तेव्हा या धाग्यावर एक विनंती: 'तुम्ही खाल्लंत म्हणून झालं' असा सूर नको. तो आपण घरी आणि ऑफिसात पुरेसा ऐकतो.

रात्रीचा जागल्या

धाग्याची फार गरज होती. माझा प्रश्न. भर अटॅकमध्ये रक्त तपासलं तर यूरिक अ‍ॅसिड ५.८ आलं. डॉक्टर म्हणाले, नॉर्मल आहे, गाऊट नाही, मुरगळला असेल. पण मी झोपेत पाय कसा मुरगळून घेणार?

डावा अंगठा (धागाकर्ता)

जागल्याभाऊ, हे फार जणांच्या वाट्याला येतं. अटॅक चालू असताना आकडा तात्पुरता उतरू शकतो, त्यामुळे त्या दिवसाचा नॉर्मल रिपोर्ट गाऊट नाही असं सिद्ध करत नाही. अटॅक ओसरल्यावर किमान दोन आठवड्यांनी परत तपासून घ्या. उलट बाजूही ध्यानात ठेवा. नुसता आकडा जास्त आहे, कधी काही दुखलं नाही, म्हणजे गाऊट झालाच असंही नाही. असे लोक चिक्कार असतात आणि त्यातल्या बहुतेकांना कधीच अटॅक येत नाही.

सूक्ष्मदर्शी

मी पॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये काम करते, म्हणून थोडी भर. शंका असेल तर सांध्यातलं पाणी सुईने काढून बघणं हाच सगळ्यात खात्रीचा मार्ग. ही पद्धत १९६१ पासूनची. थेंब काचपट्टीवर घ्यायचा आणि ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. मागची बाजू गुलाबी-जांभळी दिसते आणि तिच्यावर लखलखीत सुया. एका दिशेला आडव्या असल्या की पिवळ्या, पट्टी काटकोनात फिरवली की त्याच सुया निळ्या. काही तर पांढऱ्या पेशीच्या आरपार घुसलेल्या असतात, पेशीने गिळायला घेतलेल्या. दिसायला अतिशय सुंदर, हे या धाग्यावर लिहायला जीव धजत नाही.

हेच पाणी दुसऱ्या कारणासाठीही महत्त्वाचं. सूज, लाली आणि सोबत ताप असेल तर सांध्यात जंतुसंसर्ग झालेला असू शकतो, आणि तो घरी बर्फ लावत बसण्याचा प्रकार नव्हे. त्याच दिवशी दवाखाना गाठावा. शिवाय कॅल्शियमच्या वेगळ्या स्फटिकांनीही हुबेहूब असाच अटॅक येतो, त्याला स्यूडोगाऊट म्हणतात. तो जास्त करून गुडघ्यात आणि मनगटात, आणि वय झालेल्यांत.

रात्रीचा जागल्या

सुई? त्या अंगठ्यात? 😳

सूक्ष्मदर्शी

आधी बधिर करतात हो. आणि गाऊट असलेल्यांच्या सांध्यात अटॅक नसतानाही स्फटिक बऱ्याचदा सापडतात, त्यामुळे ऐन ठणक्यातच टोचून घ्यावं लागतं असं नाही. सोनोग्राफी आणि ड्युअल एनर्जी सीटी स्कॅनवरही साठा दिसतो.

फक्त पथ्य

धागाकर्त्यांशी असहमत. मी बिअर सोडली, मांसाहार अगदी कमी केला, वजन उतरवलं आणि एकही गोळी न घेता बरा आहे. गोळ्यांचा प्रचार कशाला? लोकांना आयुष्यभराचं गिऱ्हाईक करायचं काम आहे हे.

डावा अंगठा (धागाकर्ता)

तुम्ही बरे आहात याचा आनंदच आहे, आणि बिअर सोडलीत हे उत्तमच. मद्यांत तीच सगळ्यात वाईट, कारण अल्कोहोलसोबत प्युरीनही (ज्याचं शरीरात यूरिक अ‍ॅसिड होतं तो पदार्थ) येतं. पण 'बरा आहे' म्हणजे अटॅक येत नाही, की आकडा ६ च्या खाली आहे? मधल्या काळात तपासलंय का?

फक्त पथ्य

तपासलं नाही. दुखत नाही तर कशाला तपासू?

पांढरा कोट

नेमकं याचसाठी तपासा. (मी डॉक्टर आहे, पण इथल्या कुणाचाही डॉक्टर नाही, तेव्हा माझ्या शब्दावर औषध बदलू नका.) वजन उतरल्याने आकडा खरोखर खाली येतो, काहींना तेवढंच पुरतंही. वर्षातून एखादाच अटॅक, गाठी नाहीत, मूत्रपिंड ठणठणीत, अशा माणसाला मीही गोळीसाठी गळ घालत नाही. पण वारंवार अटॅक, गाठी किंवा एक्स-रेवर हाड पोखरल्याची खूण, यांतलं काहीही असेल तर थांबण्यात शहाणपण नाही. मुतखडा होऊन गेला असेल किंवा मूत्रपिंड अधू असेल तर पहिल्या अटॅकनंतरच गोळीचा विचार करतात.

पथ्याबद्दल जे सिद्ध आहे ते असं. लाल मांस, काळीज-किडनीसारखे अवयव, काही प्रकारची मासळी, बिअर आणि कडक मद्य, फ्रुक्टोजने गोड केलेली पेयं, ही वाईट. स्निग्धांश काढलेलं दूध-दही आणि कॉफी यांचा उलट फायदा दिसतो. चेरीबद्दल थोडाफार पुरावा आहे, पण ती गोळीची जागा घेणार नाही. पालक, मटार, मशरूम, कडधान्यं यांच्यात प्युरीन असतं म्हणून लोक धसका घेतात. प्रत्यक्षात सत्तेचाळीस हजारांवर पुरुषांना बारा वर्षं पाठपुरावा करून पाहिलेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्युरीनवाल्या भाज्यांनी गाऊटचा धोका वाढलेला दिसला नाही. तेव्हा पालकाला माफ करा.

चार बोटं

बायकांना गाऊट होत नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी माझे हात बघावेत. पाळी जायच्या आधी कधीच काही नव्हतं. मग ब्लडप्रेशरसाठी लघवी वाढवणारी गोळी सुरू झाली आणि बोटांची पेरं सुजायला लागली. सगळे म्हणाले, वयाची झीज. अंगठा दुखला नाही म्हणून गाऊटचं नावही कुणी काढलं नाही. शेवटी एका पेराच्या गाठीतून खडूच्या चुऱ्यासारखं पांढरं काहीतरी बाहेर आलं तेव्हा निदान झालं.

पांढरा कोट

ताई, तुमच्या एका प्रतिसादात तीन धडे आहेत. इस्ट्रोजेन मूत्रपिंडाला यूरिक अ‍ॅसिड बाहेर टाकायला मदत करतं, म्हणून पाळी असेतो बायकांना गाऊट विरळा आणि नंतर हळूहळू वाढतो. पाळी जायच्या आत बाईला हा आजार होत नाही हे हिप्पोक्रेटिसच्या नावावरच्या वचनांतही आहे. दुसरं, लघवी वाढवणाऱ्या थायझाइड आणि फ्युरोसेमाइड जातीच्या गोळ्या आकडा वाढवतात, रोजची लहान अ‍ॅस्पिरिनही थोडा वाढवते. यातलं काहीही स्वतःहून बंद करू नका, हृदयासाठी दिलेली अ‍ॅस्पिरिन तर नाहीच. पण विचारा. ब्लडप्रेशरसाठी लोसार्टनसारखा पर्याय असतो, तो यूरिक अ‍ॅसिड थोडं उतरवतो. तिसरं, झिजेच्या जुन्या गाठींवर गाऊट येऊन बसणं हे वयस्क बायकांमध्ये नेहमीचं आहे.

हिची बाजू

मला गाऊट नाही, नवऱ्याला आहे. अटॅकच्या रात्री घरच्यांनी काय करावं ते लिहिते, कारण ते कुणी लिहीत नाही. पायाच्या बाजूला पलंगावर एक रिकामं खोकं आडवं ठेवायचं आणि पांघरूण त्याच्यावरून टाकायचं, म्हणजे ते अंगठ्याला टेकत नाही. बर्फ कापडात गुंडाळून थोडा थोडा वेळ लावायचा. शेकायचं नाही, मालीश तर अजिबात नाही. बाथरूमपर्यंतच्या वाटेतल्या खुर्च्या, चपला, पायपुसणं आधीच बाजूला करायचं. पाण्याची बाटली हाताशी. आणि 'परवा तू ते खाल्लंस ना' हे वाक्य सकाळपर्यंत तरी गिळायचं. मला हे शेवटचं सगळ्यात जड जातं. 😄

लंगडा सरदार

हिची बाजू यांना साष्टांग नमस्कार. आमच्याकडे उलटतपासणी अंगठ्याच्या आधी सुरू होते.

अवांतर: गाऊट म्हणजे श्रीमंतांचे चोचले, हा शिक्का फार जुना. १७९९ मध्ये जेम्स गिलरे या इंग्लिश व्यंगचित्रकाराने सुजलेल्या पायात दात रुतवणारं काळं भूत काढलंय. खाऊनपिऊन माजलेल्यांची टिंगल करण्याच्या त्या काळातलं, पण पायाचा मालक चित्रात नाहीच, नुसता पाय आणि भूत. ज्याने काढलं त्याला दुखणं काय असतं ते कळलं होतं असं मला तरी वाटतं. ऑफिसात मी 'पाय मुरगळला' असंच सांगतो. गाऊट म्हटलं की लगेच 'काय, जोरात चाललंय वाटतं' असं डोळा मारून विचारतात, आणि मी थेंबालाही शिवत नाही.

डावा अंगठा (धागाकर्ता)

सरदार, मी आता 'मूत्रपिंडातून यूरिक अ‍ॅसिड नीट बाहेर पडत नाही' असं सांगतो. मूत्रपिंड म्हटलं की कुणी डोळा मारत नाही.

जादूचा काढा

यूरिक अ‍ॅसिड मुळापासून सात दिवसांत गायब! गोळ्या फेकून द्या. माहितीसाठी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

संपादक

वरच्या सदस्याचे इतर प्रतिसाद उडवले आहेत. हा एक नमुन्यादाखल ठेवला आहे.

नवा भिडू

सगळं वाचून गेल्या महिन्यात डॉक्टरांकडे गेलो, अ‍ॅलोप्युरिनॉल (आकडा उतरवणारी गोळी) १०० मिलिग्रॅम सुरू झालं. आणि काल रात्री आजवरचा सगळ्यात मोठा अटॅक! गोळीने कमी व्हायचं सोडून वाढलंच. बंद करतोय. इथे कुणी सांगितलं कसं नाही?

डावा अंगठा (धागाकर्ता)

थांबा, बंद करू नका. आधी डॉक्टरांना फोन करा. हे जवळजवळ ठरलेलं असतं आणि औषध काम करतंय याचीच ती खूण असते. आकडा उतरायला लागला की सांध्यातले साठे सुटे व्हायला लागतात, सुटे झालेले स्फटिक पेशींना पुन्हा दिसतात आणि पुन्हा मारामारी. जुनी भिंत पाडायला घेतली की धुरळा उडणारच. याच टप्प्यावर लोक गोळी सोडतात आणि पुढची दहा वर्षं 'मला अ‍ॅलोप्युरिनॉल सोसत नाही' म्हणून सांगत फिरतात.

पांढरा कोट

सहमत. म्हणूनच सुरुवात लहान मात्रेने करायची, मूत्रपिंड अधू असेल तर १०० पेक्षाही कमी, आणि दर काही आठवड्यांनी रक्त तपासत वाढवत न्यायचं. १०० वर फार थोडे जण ६ च्या खाली येतात, बहुतेकांना ३०० किंवा त्याहून जास्त लागतं. पहिले तीन ते सहा महिने सोबत लहान मात्रेत कोल्चिसिन किंवा दुसरं सूज उतरवणारं औषध देतात ते या धुरळ्यासाठीच. तुम्हाला ते दिलं होतं का, विचारून घ्या. आणि चालू असलेली गोळी अटॅक आला म्हणून थांबवायची नसते.

थांबवायची ती एकाच गोष्टीसाठी, आणि हे सगळ्यांनी वाचा: अंगावर पुरळ उठलं, सोबत ताप, तोंड आलं किंवा डोळे लाल झाले, तर अ‍ॅलोप्युरिनॉल त्याच क्षणी बंद आणि लगेच दवाखाना. हे क्वचित होतं, पण जिवावर बेतू शकतं. काही वंशांच्या लोकांत एका विशिष्ट जनुकामुळे हा धोका जास्त असतो आणि त्यांची आधी रक्ततपासणी करतात. अझाथायोप्रिन (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) घेणाऱ्यांनी तर डॉक्टरांना सांगितल्याशिवाय अ‍ॅलोप्युरिनॉल किंवा फेबुक्सोस्टॅट (आकडा उतरवणारी दुसरी गोळी) यांना हात लावू नये, तिथे गंभीर प्रकार होतात.

रात्रीचा जागल्या

फेबुक्सोस्टॅटने हृदयाला धोका असतो असं वाचलं. मला तीच दिलीय.

पांढरा कोट

२०१८ च्या एका मोठ्या चाचणीत अ‍ॅलोप्युरिनॉलच्या तुलनेत हृदयविकाराने मृत्यूचं प्रमाण जास्त दिसलं आणि अमेरिकेत औषधावर ठळक इशारा छापला गेला. २०२० मध्ये आलेल्या दुसऱ्या मोठ्या चाचणीत तसा धोका दिसला नाही. म्हणून आधी हृदयविकार होऊन गेला असेल तर डॉक्टरांशी स्पष्ट बोला, नसेल तर घाबरून मध्येच सोडू नका.

कोल्चिसिनबद्दलही एक सांगतो. पूर्वी जुलाब लागेपर्यंत गोळ्या देत. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तासाभरात एकूण १.८ मिलिग्रॅम एवढ्या कमी मात्रेचा गुण मोठ्या मात्रेइतकाच आला आणि जुलाब कितीतरी कमी झाले. अटॅकची चाहूल लागताच घेतली तरच तिचा खरा उपयोग. मूत्रपिंड अधू असेल किंवा क्लॅरिथ्रोमायसिनसारखं अँटिबायोटिक चालू असेल तर मात्र ती विषारी ठरू शकते.

आणि धागाकर्त्यांच्या आकड्याच्या मुद्द्याला दुजोरा. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमला झालेला आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. अर्ध्या रुग्णांना प्रशिक्षित नर्सनी आजार नीट समजावला, शंका ऐकल्या आणि आकडा बघत मात्रा वाढवली. बाकीचे नेहमीसारखे आपल्या डॉक्टरकडे. दोन वर्षांनी पहिल्या गटातले ९५ टक्के लोक ६ च्या खाली होते, दुसऱ्या गटातले ३० टक्के. औषधं जगावेगळी नव्हती. आम्हा डॉक्टरांना वाचायला जरा अडचणीचा निष्कर्ष आहे.

फक्त पथ्य

तपासून आलो. ७.९. काही बोलू नका.

लंगडा सरदार

कोण बोलतंय? खुर्ची घ्या, पाय वर ठेवा.

चार बोटं

उपास आणि झटपट वजन उतरवण्याबद्दल कुणीतरी लिहा. एका ओळखीच्या बाईंनी पाण्यावर दिवस काढले आणि गुडघा धरला.

पांढरा कोट

उपाशी राहिलं की रक्तात कीटोन (चरबी जळताना बनणारी द्रव्यं) वाढतात आणि मूत्रपिंड यूरिक अ‍ॅसिड अडवून धरतं. वजन उतरवायचंच आहे, पण सावकाश. ऑपरेशन, मोठं आजारपण, अंगातलं पाणी कमी होणं, यांनंतरही अटॅक येतो. रुग्णालयात दाखल होताना गाऊट आहे हे आवर्जून सांगा आणि चालू गोळीचं नाव लिहून द्या. तिथे रोजच्या गोळ्यांच्या यादीतून ती हमखास गळते.

नवा भिडू

कोल्चिसिन सुरू केलं, अटॅक उतरणीला लागलाय. अ‍ॅलोप्युरिनॉल चालू ठेवलंय. पुढच्या आठवड्यात लांबचा विमानप्रवास आहे, रद्द करू का?

हिची बाजू

पाय टेकवता येत असेल तर रद्द कशाला? पाणी पीत राहा, कडेची सीट घ्या, बूट एक माप मोठे किंवा पुढून उघडे. आणि गोळ्या चेक-इनच्या सामानात टाकू नका, हातातल्या बॅगेत ठेवा, चिठ्ठीसकट.